जर्सी बदलली तर टीम आपलीच राहते का?

(ऐकायला वेळ नाही, बसमध्ये नेटवर्क नाही, किंवा इयरफोन घरी राहिले, अशा सगळ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.)



आज सुरुवात एका छोट्या गोष्टीने करतो. गेल्या रविवारी आम्ही मित्रमित्र टर्फवर खेळायला गेलो होतो. निघायला उशीर झालेला, म्हणून कपाटातून हाताला लागला तो टीशर्ट घातला. तो निघाला नारिंगी. वॉर्मअप करत होतो, तर बाजूच्या टीममधला आठवी-नववीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही हैदराबादचे फॅन का?"

त्याची काहीच चूक नव्हती. नारिंगी म्हटलं की त्याच्या डोक्यात आयपीएलमधली सनरायझर्स येणार. मी म्हटलं, "नाही रे, ही पुण्याची आहे. फुटबॉलची." तो दोन सेकंद विचार करून म्हणाला, "पुण्याची फुटबॉल टीम होती?"

तो 'होती' जरा लागला बरं का. त्या दिवशी मी गोलसमोरचा सोपा बॉल बाहेर मारला, त्याचं खापर मी अजूनही त्या 'होती'वरच फोडतोय.

तर आजचा विषय हाच. क्लबचं नशीब आणि अंगावरची जर्सी, या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? जर्सीमुळे टीम जिंकते-हरते का? जिंकण्यासाठी जर्सीचा रंग बदलायला सांगितलं तर आपण बदलावा का? आणि क्लबच राहिला नाही, तर त्या जर्सीचं करायचं काय?

आधी माझी गोष्ट

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल सुरू झाली, तेव्हा पहिल्याच सीझनला त्यात पुण्याची टीम होती. एफसी पुणे सिटी. घरचं मैदान बालेवाडी. पहिल्या सीझनला आपल्याकडे डेव्हिड ट्रेझेगे खेळला होता, राव! फ्रान्सकडून १९९८चा वर्ल्ड कप जिंकलेला, २००० सालच्या युरो फायनलमध्ये गोल्डन गोल मारलेला माणूस, आणि तो बालेवाडीत. आम्ही कॉलेजची पोरं तेव्हा शेअर रिक्षा करून मॅचला जायचो. चाहत्यांच्या ग्रुपचं नाव होतं ऑरेंज आर्मी.

टीम काही फार भारी नव्हती, खोटं कशाला बोलू. पण २०१७-१८ च्या सीझनला मजा आली. मार्सेलिन्यो आणि अल्फारो अशी जोडी पुढे होती आणि आपण पहिल्यांदा सेमीफायनलला पोचलो. समोर बेंगळुरू. पुण्यातली मॅच ०-० सुटली. परतीच्या मॅचमध्ये सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारली आणि आपण ३-१ हरलो. ज्याला भारतासाठी खेळताना डोक्यावर घेतो, त्यानेच घरी पाठवलं. त्या रात्री मी जर्सी काढून उशीखाली ठेवली होती. आईने सकाळी विचारलं, हे काय? काय सांगणार?

२०१९ मध्ये क्लब बंद झाला. पैशांचं गणित बसलं नाही. लीगमधली जागा रिकामी झाली आणि त्या जागी नवीन क्लब आला. कुठला? हैदराबाद एफसी. आता कळलं ना, टर्फवरच्या पोराचा प्रश्न का लागला ते?

पुढचं ऐका. २० मार्च २०२२ ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये, हैदराबादने आयएसएलची फायनल जिंकली. केरला ब्लास्टर्ससोबत १-१ बरोबरी आणि पेनल्टीवर ३-१. हैदराबादची जर्सी पिवळी. केरलाचीही पिवळीच. लीगमध्ये वरचा नंबर हैदराबादचा होता, म्हणून पिवळा रंग त्यांना मिळाला आणि केरलाला आयुष्यातल्या मोठ्या मॅचला दुसऱ्या रंगात उतरावं लागलं. स्टँडमध्ये मात्र पिवळ्या टीशर्टमधले बहुतेक लोक केरलाचे! मी ती मॅच मोबाईलवर बघत होतो आणि एकच विचार येत होता: ही जागा आपली होती.

जर्सीमुळे टीम हरते का?

आता जरा हलकं घेऊ. आपल्याकडे सगळ्यांकडे एक 'लकी' टीशर्ट असतो. तो धुतला की टीम हरते, वगैरे. पण खुद्द टीमनेच जर्सीला दोष दिला, असं कधी झालंय का? झालंय.

१३ एप्रिल १९९६. मँचेस्टर युनायटेड साउथॅम्प्टनला खेळायला गेलेली, अंगात राखाडी रंगाची अवे जर्सी. हाफ टाइमला ३-० ने मागे. आणि मग सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी काय केलं? सगळ्यांना जर्सी बदलायला लावली! दुसऱ्या हाफमध्ये टीम निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आली. कारण काय दिलं, तर राखाडी रंगामुळे खेळाडूंना लांबून एकमेकं नीट दिसत नाहीत, मागच्या गर्दीत मिसळून जातात.

शेवटी स्कोअर झाला ३-१. म्हणजे बदललेल्या जर्सीत ते १-० जिंकले, असं म्हणा हवं तर. त्या राखाडी जर्सीत त्यांनी लीगच्या पाच मॅच खेळल्या, त्यातल्या चार हरले आणि एक बरोबरीत सुटली. नंतर ती जर्सी परत कधी घातली नाही. पण गंमत अशी, की त्या सीझनची लीग युनायटेडनेच जिंकली.

माझं मत विचाराल तर, दिसण्याच्या कारणात थोडं तथ्य असू शकतं. मान वर करून पास द्यायला तुमच्याकडे अर्धा सेकंद असतो, तेव्हा ठळक रंग मदत करतो. टर्फवर आपण बिब घालतो ते त्यासाठीच ना? पण तीन गोल खाल्ले ते काही नुसत्या राखाडी रंगामुळे नाही. पाच मॅचवरून नियम बनत नाही. तुमच्या न धुतलेल्या टीशर्टचंही तेच. धुवा, घरचे दुवा देतील.

जर्सीचा पैसा जातो कुठे?

हे नीट समजून घ्या, कारण दर ट्रान्सफर विंडोला व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो: "अमुक खेळाडूची किंमत क्लबने एका दिवसात जर्सी विकून वसूल केली." हे जवळजवळ कधीच खरं नसतं.

गणित असं असतं. जर्सी बनवते कंपनी. ती क्लबला दर वर्षी ठरलेली मोठी रक्कम देते, जर्सीवर आपला लोगो टाकण्यासाठी आणि ती विकण्याच्या हक्कासाठी. विक्रीचा मोठा वाटा कंपनीला आणि दुकानदाराला जातो. क्लबच्या हातात एका जर्सीमागे सहसा किमतीचा छोटा हिस्साच पडतो. म्हणजे तुम्ही पाच हजाराची जर्सी घेतली, तर पाच हजार काही क्लबच्या गल्ल्यात जात नाहीत. क्लबचा खरा फायदा त्या वार्षिक रकमेत असतो. आणि ती रक्कम ठरते क्लबचं नाव किती मोठं आणि जगभरात चाहते किती, त्यावर.

इथे क्लबचं नशीब आणि जर्सी यांची खरी गाठ बसते. मँचेस्टर युनायटेड आणि आदिदास यांचा २०१५ पासूनचा करार होता १० वर्षांचा, ७५ कोटी पौंडांचा. त्यात एक अट होती. युनायटेड सलग दोन सीझन चॅम्पियन्स लीगमध्ये नसेल, तर वर्षाची रक्कम ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. बघा म्हणजे! जर्सीमुळे टीम हरत नाही, पण टीम हरली की जर्सीचे पैसे कमी होतात. आपण उलटं समजत होतो.

आणि हो, फर्स्ट कॉपीबद्दल. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या अंगावर फॅशन स्ट्रीटवरची जर्सी आहे, माझ्याकडेही आहेत. त्यातला एक रुपयाही क्लबला जात नाही, हे खरं. पण लांबच्या श्रीमंत क्लबची जर्सी परवडत नाही म्हणून लाजायची गरज नाही, असं मला वाटतं. लहान, जवळच्या क्लबचं मात्र वेगळं. तिथे तुमचं तिकीट आणि तुमची एक जर्सी खरंच मोजली जाते.

कार्डिफचा सौदा

आता मुख्य मुद्दा. समजा मालक तुमच्याकडे आला आणि म्हणाला, "मी खूप पैसे लावतो, टीम वर नेतो. फक्त जर्सीचा रंग बदलू." तुम्ही हो म्हणाल?

हा प्रश्न वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या लोकांसमोर खरोखर आला होता. कार्डिफ म्हणजे निळी टीम. टोपणनावच 'ब्लूबर्ड्स', म्हणजे निळे पक्षी. १९२७ मध्ये त्यांनी आर्सेनलला १-० हरवून एफए कप जिंकला. इंग्लंडच्या बाहेर गेलेला तो आजवरचा एकमेव एफए कप. असा सगळा निळा इतिहास.

२०१० मध्ये मलेशियाचे उद्योगपती व्हिन्सेंट टॅन क्लबमध्ये आले. २०१२ मध्ये जर्सी लाल झाली. लोगोवर मोठा लाल ड्रॅगन आणि खाली छोटासा निळा पक्षी. म्हणणं असं, की लाल रंग आणि ड्रॅगन आशियाच्या बाजारात जास्त चालेल. बदल्यात क्लबमध्ये मोठी गुंतवणूक.

चाहत्यांमध्ये उभी फूट. काही म्हणाले, "जाऊ दे, प्रीमियर लीग बघायला मिळेल." काही म्हणाले, "मग ती आमची टीमच नाही." आणि झालं काय? त्याच २०१२-१३ च्या सीझनला, लाल जर्सीत, कार्डिफ चॅम्पियनशिप जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेली. ५१ वर्षांनी इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये! विचार करा, आजोबांच्या तरुणपणी जे घडलं ते नातू पहिल्यांदा बघतोय, आणि नेमकं चुकीच्या रंगात. रडायचं की नाचायचं?

पुढच्याच सीझनला ते २०व्या नंबरवर, म्हणजे तळाला राहून खाली आले. स्टेडियममध्ये लोक निळे स्कार्फ घेऊन यायचे, मैदानात टीम लाल. जानेवारी २०१५ मध्ये शेवटी मालकांनी ऐकलं आणि रंग परत निळा केला. निळ्यातली पहिली मॅच फुलहॅमविरुद्ध, १-० जिंकले. २०१८ मध्ये तर निळ्या जर्सीतच पुन्हा प्रीमियर लीगमध्ये गेले. पुढच्या वर्षी परत खाली. आणि २०२५ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या स्तरावर.

यातून मी काय शिकलो? लालने त्यांना वर नेलं नाही आणि लालने खाली आणलं नाही. निळ्याचंही तेच. टीम वर जाते ती खेळाडू, कोच आणि पैशांमुळे. मग प्रश्न उरतो: रंगामुळे काहीच फरक पडत नव्हता, तर तो बदलायचा कशाला होता?

साल्झबर्ग: एक टीम, दोन रंग

कार्डिफच्या लोकांना त्यांचा रंग परत मिळाला. ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या लोकांना मिळाला नाही. तिथला जुना क्लब ऑस्ट्रिया साल्झबर्ग, जन्म १९३३, रंग जांभळा आणि पांढरा. १९९४ मध्ये ते युएफा कपच्या फायनलपर्यंत गेले होते. २००५ मध्ये रेड बुलने क्लब घेतला. नाव बदललं, लोगो बदलला, जर्सी लाल-पांढरी झाली. चाहते म्हणाले, निदान कुठेतरी जांभळा ठेवा. तेव्हा समोरून तयारी दाखवली गेली ती गोलकीपरच्या मोज्यांची. मोजे! घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, तुमचा फोटो लावू, पण चपलांच्या कपाटात. तसंच हे.

मग जांभळ्या चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, जुनंच नाव घेऊन. सातव्या स्तरापासून सुरुवात केली आणि सलग चार वेळा वर चढले. २०१५-१६ चा सीझन त्यांनी थेट दुसऱ्या स्तरावर खेळला. तिकडे लाल-पांढऱ्या साल्झबर्गने २०१४ ते २०२३ अशी सलग दहा वर्षं ऑस्ट्रियाची लीग जिंकली.

आता सांगा, कोण जिंकलं? दहा ट्रॉफ्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला छोट्या मैदानावर जांभळा टीशर्ट घालून उभी असलेली माणसं. मला आधी वाटायचं, ही माणसं हट्टी आहेत. आता वाटत नाही. कारण आता माझ्याकडे एक जर्सी आहे, आणि क्लब नाही.

आपल्याकडे: बागान आणि तालीम

हे सगळं तिकडचंच, असं समजू नका. मोहन बागान बघा. १९११ मध्ये अनवाणी पायांनी इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकलेला क्लब. २०२० मध्ये तो आयएसएलमधल्या एटीके या टीममध्ये मिसळला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. जर्सी हिरवी-मरून तशीच राहिली. पण नावापुढचं एटीके लोकांना खुपत होतं. तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके'चे बॅनर लागले. १८ मार्च २०२३ ला फातोर्डात बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून टीम चॅम्पियन झाली आणि त्याच संध्याकाळी मालकांनी जाहीर केलं, एटीके काढतोय, आता मोहन बागान सुपर जायंट. जिंकलेल्या टीमचे चाहतेही नावासाठी भांडत होते, हे लक्षात घ्या. त्यांना ट्रॉफी हवीच होती, पण स्वतःच्या नावाने.

आणि आता आपलं कोल्हापूर. माझा मामेभाऊ तिथला. मी एकदा त्याच्यासमोर पुणे सिटीचं रडगाणं गात होतो. तो शांतपणे म्हणाला, "तुमचा क्लब गेला, कारण तो कुणाचा तरी होता. आमची तालीम आम्हीच आहे."

मी हसलो तेव्हा, पण नंतर डोक्यात बसलं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशा टीम आहेत. जिथे कुस्ती घुमायची त्या तालमींच्या नावानेच फुटबॉल खेळला जातो. शाहू स्टेडियमला स्थानिक मॅचला जी गर्दी होते, ती बघून मोठमोठ्या लीगवाल्यांना हेवा वाटेल. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तालीम विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. ती गल्लीच्या तोंडाशी उभी असते. तिथल्या पोराला जर्सी विकत घ्यायच्या आधीच टीम मिळालेली असते.

सगळं तिथे गोड आहे असं नाही. पेठापेठांतली ईर्ष्या कधीकधी मैदानाबाहेर येते, मारामाऱ्या होतात. शिवाय तालमीकडे ट्रेझेगेला आणायचे पैसे कुठून येणार? म्हणजे निवड सोपी नाही. मालक असला की पैसा येतो आणि एका दिवसात जाऊही शकतो. लोकांचा क्लब असला की पैसा कमी, पण उद्याही तो तिथेच असतो.

तर माझं मत काय?

तीन गोष्टी सांगतो, पटलं नाही तर भांडा माझ्याशी.

एक, जर्सीमुळे मॅच जिंकता येत नाही. राखाडी असो की नारिंगी.

दोन, डिझाइन बदलायला माझी ना नाही. दर वर्षी नवीन कॉलर, नवीन पट्टे, चालू द्या, तिसरी जर्सी तर वाट्टेल ती काढा. पण मुख्य रंग आणि नाव हे मालकाचं एकट्याचं नाही. ते बदलायचं असेल तर चाहत्यांना विचारून. पैसे मालकाचे असतील, पण आजोबांची आठवण त्याच्या नावावर करून दिलेली नाही.

तीन, टीम निवडताना एक टीम अशी ठेवा जिच्या मैदानावर तुम्ही तुमच्या पायांनी जाऊ शकता. रात्री दीडला चॅम्पियन्स लीग बघा, मीही बघतो. पण शहरातल्या लीगची मॅच असेल, कॉलेजची असेल, तालमीची असेल, तिथे कधीतरी जाऊन उभे राहा. पुण्यात आम्ही मॅच हरल्यावर टीमला शिव्या घालायचो, आणि पावसाचं कारण काढून घरी बसायचो. क्लब आमच्या न जाण्यामुळे बंद झाला असं मी म्हणत नाही. पण आम्ही अजून थोडे जास्त गेलो असतो, तर आज एवढी चुटपुट नसती.

आणि त्या पोराचं काय झालं, ते राहिलंच. मॅच संपल्यावर मी त्याला मोबाईलवर मार्सेलिन्योच्या गोलचे जुने व्हिडिओ दाखवले. त्याने तीन वेळा बघितले. मग माझ्या टीशर्टकडे बघून म्हणाला, "दादा, ही आता कुठे मिळेल?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

पुढच्या रविवारी तो परत येणार आहे. जर्सी मी धुवून ठेवली आहे. त्याला सैल होईल, पण वाढत्या वयाचा आहे, बसेल एक-दोन वर्षांत. द्यावी की नाही, अजून ठरत नाहीये.

तुमच्या कपाटात अशी कुठली जर्सी आहे? बंद पडलेल्या टीमची, शाळेच्या टीमची, गल्लीच्या टीमची? एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या असतील त्या पुढच्या भागात ऐकवतो. तोवर खेळत राहा, पाणी पीत राहा. भेटू!